न आलेल्या पेशंटची यादी

तुमच्या दवाखान्यात मधुमेहाचे पेशंट किती आहेत, असे एखाद्या अनुभवी फॅमिली डॉक्टरला विचारले तर बहुधा ‘असतील दीडएकशे’ असे उत्तर मिळते. त्यातले गेल्या तीन महिन्यांत किती येऊन गेले आणि आलेल्यांपैकी किती जणांची शुगर ताब्यात आहे, असे पुढे विचारले की उत्तर अडते. यात डॉक्टरांचे ज्ञान कमी पडते असे नाही. आपल्या दवाखान्याची घडीच आलेल्या माणसासाठी बसवलेली असते. ताप आला, जुलाब लागले, पाठ धरली की पेशंट आपणहून येतो. पुन्हा आला नाही की तो बरा झाला, असे आपण धरून चालतो आणि ते बहुतेक वेळा खरेही असते. रक्तदाब आणि मधुमेहात मात्र हा हिशेब उलटा पडतो. तिथे न आलेल्या माणसाने बहुधा गोळी सोडलेली असते, आणि तो पुन्हा दिसतो तेव्हा त्याला अर्धांगवायू झालेला असतो, नाहीतर पायाची जखम चिघळलेली असते.

म्हणून या लेखात औषधांची माहिती मोजकीच आहे. ती तुमच्याकडे आहेच. एक डॉक्टर, एक कंपाउंडर किंवा सिस्टर आणि सकाळ-संध्याकाळची ओपीडी एवढ्या बळावर दीर्घकालीन आजारांची देखभाल कशी सुधारता येईल, याची मांडणी येथे केली आहे. सगळ्याचा गाभा एकच आहे: समोर बसलेल्या पेशंटइतकीच न आलेल्या पेशंटची जबाबदारी दवाखान्याने घ्यायची.

काम केवढे आहे?

आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर जाते. हे आकडे आपल्या दवाखान्याला लावून पाहा. तुमच्याकडे नेमाने येणाऱ्या कुटुंबांत हजार प्रौढ असतील, तर सरासरीने त्यांच्यात शंभरावर मधुमेही आणि साडेतीनशेच्या आसपास रक्तदाबाचे पेशंट असायला हवेत. शहरी भागात त्याहून जास्त. तुमच्या माहितीत ऐंशीच असतील, तर बाकीचे सर्दी-खोकल्यासाठी येऊन न मोजताच परत जात आहेत.

हे काम एकट्या फॅमिली डॉक्टरला जमते याचा दाखला जुना आहे. वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसा खाणींच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६१ पासून प्रॅक्टिस करत होते. गावातल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा, त्याची नोंद ठेवायची आणि जो येत नाही त्याच्या मागे लागायचे, हा त्यांचा परिपाठ. पंचवीस वर्षांच्या या कामाचा अहवाल १९९१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. अशी व्यवस्था नसलेल्या शेजारच्या गावाच्या तुलनेत ग्लिनकोरगमध्ये अकाली मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी होते. तिथली वस्ती कष्टकऱ्यांची होती आणि सुरुवातीच्या काळात संगणकही नव्हते.

आधी यादी

किराणा दुकानदाराला कोणाकडे किती उधारी आहे हे वही पाहून सांगता येते. आपल्याकडे मात्र केस पेपर नावाच्या अक्षरानुसार लावलेले असतात, आणि पेशंट आला तरच त्याचा पेपर बाहेर निघतो. पहिले काम म्हणून एक वेगळी वही घाला किंवा संगणकावर साधा तक्ता करा. रकाने इतकेच पुरे: नाव, वय, मोबाइल, घरातल्या दुसऱ्या माणसाचा मोबाइल, आजार, शेवटची भेट, शेवटचे बीपी, शेवटची एचबीएवनसी, पुढची तारीख.

जुने केस पेपर उकरत बसू नका. आजपासून येणाऱ्या प्रत्येक बीपी-शुगरच्या पेशंटचे नाव त्या दिवशीच वहीत चढवायचे आणि त्याच्या केस पेपरला रंगीत चिकटपट्टी लावायची. बीपीला लाल, मधुमेहाला निळी, दमा-सीओपीडीला हिरवी, असे काहीही चालेल. तीन महिन्यांत नियमित येणारे बहुतेक सगळे वहीत आलेले असतील. मग एका रविवारी गेल्या वर्षभराचे केस पेपर चाळा. पूर्वी येत होते पण या तीन महिन्यांत फिरकले नाहीत, अशांची नावे वेगळ्या पानावर लिहा. त्या पानाचे मोल सर्वांत जास्त.

सोबत एक नियम करा: तीस वर्षांवरचा कोणीही, कोणत्याही कारणाने आला तरी वर्षातून एकदा त्याचे बीपी मोजले जाईल. मधुमेहासाठी कमरेचा घेर मोजायला टेप टेबलावरच ठेवा. आपल्याकडे पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानतात. हातपाय काटक्या आणि पोट सुटलेले, अशा वरवर सडपातळ माणसाची शुगर तपासायची राहून जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने नेमके याच ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधले.

तीन आकडे, महिन्यातून एकदा

यादी झाली की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीनच गोष्टी मोजा.

१. यादीतल्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण येऊन गेले?
२. रक्तदाबाच्या पेशंटपैकी शेवटच्या भेटीत किती जणांचे बीपी १४०/९० च्या खाली होते?
३. मधुमेहींपैकी किती जणांची एचबीएवनसी गेल्या सहा महिन्यांत झाली, आणि त्यात ती ठरवलेल्या मर्यादेत किती जणांची आहे?

दुसरा आकडा काढताना जे आलेच नाहीत त्यांनाही ‘ताब्यात नाही’ यातच धरा. हे पटकन पचनी पडत नाही, कारण त्यामुळे टक्केवारी एकदम खाली येते. पण खरे चित्र तेच. ज्यांचे औषध चांगले चालले आहे तेच नेमाने येतात. फक्त त्यांच्यावरून मत बनवले तर आपल्या दवाखान्यात सगळे आलबेल आहे असे वाटत राहते.

बीपी नीट मोजा

औषध वाढवायचे की नाही हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडाच गडबडीत घेतला जातो. जिना चढून आलेला, तासभर ताटकळलेला, लघवी दाबून बसलेला माणूस स्टुलावर बसतो, हात अधांतरी धरतो आणि आपण मोजता मोजता त्याच्याशी बोलत असतो. यातली प्रत्येक गोष्ट आकडा वर नेते.

म्हणून मोजण्याचे काम आत यायच्या आधी, बाहेरच्या खोलीत सिस्टरकडे किंवा कंपाउंडरकडे द्या. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, हात ठेवायला टेबल आणि खात्रीचे, दंडाला पट्टा बांधायचे डिजिटल यंत्र. पाच मिनिटे शांत बसवायचे, पाय जमिनीला टेकलेले, पायांची अढी नको, हात छातीच्या पातळीत, बोलणे बंद. अर्ध्या तासात चहा, विडी किंवा तंबाखू झाली असेल तर थोडे थांबायचे. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहायची. पट्ट्याचे दोन आकार ठेवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटेच जास्त दिसते. पहिल्या भेटीत दोन्ही दंड मोजा. म्हाताऱ्या माणसाचे आणि मधुमेहीचे बीपी उभे करूनही पाहा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचे बीपी २० ने उतरत असेल, तर औषध वाढवताना तो मोरीत पडून खुबा मोडून घेण्याची भीती आहे.

घरी यंत्र असेल तर पेशंटला आठवडाभर सकाळी दोनदा व संध्याकाळी दोनदा मोजून आकडे कागदावर लिहून आणायला सांगा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ म्हणजे दवाखान्यातले १४०/९० समजायचे.

पुढची पायरी आधीच लिहून ठेवा

बीपी १५२/९४ आले. पेशंट म्हणतो, ‘कालच लग्न होतं घरात, खारट खाणं झालं.’ आपण म्हणतो, ‘बरं, पुढच्या वेळी बघू.’ पुढच्या वेळी जागरण झालेले असते, त्याच्या पुढच्या वेळी गुडघा दुखत असतो. वर्ष निघून जाते आणि गोळी तीच राहते. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक वेळी नव्याने ठरवायचे म्हटले की निर्णय लांबणीवर पडतोच.

यावरचा उपाय म्हणजे एका पानाचा लेखी क्रम करून टेबलाच्या काचेखाली ठेवणे. एक नमुना असा: सुरुवात अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी १४०/९० च्या खाली नसेल तर टेल्मिसार्टन ४० ची जोड, मग दोन्हींच्या मात्रा वाढवायच्या, तरीही नसेल तर क्लोरथॅलिडोन १२.५, त्यानंतर फिजिशियनचे मत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर टेल्मिसार्टनपासूनच सुरुवात करणे रास्त, आणि तिथे लक्ष्य १३०/८० चे ठेवावे. क्रमाच्या खाली इशारेही लिहा: गर्भवती किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीला टेल्मिसार्टन नको, मूत्रपिंडाची शंका असेल तर सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम पाहायचे, अॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येते हे आधीच सांगून ठेवायचे. पायरी चढण्याआधी दोन प्रश्न चुकवू नका: गोळ्या खरेच पोटात जात आहेत का, आणि बीपी नीट मोजले आहे का?

केंद्र सरकार, आयसीएमआर आणि राज्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची उभारणी अशाच साध्या, ठरलेल्या क्रमावर झाली. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. मोजकी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, सिस्टर आणि आरोग्यसेवकांचा सहभाग, आणि तारीख चुकलेल्यांची यादी हाताशी असणे, ही त्याची सूत्रे. खासगी दवाखान्याला यातले काहीच अशक्य नाही.

अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियात कैसर परमनंटे या संस्थेने २००१ ते २००९ या काळात रक्तदाब ताब्यात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेले. तिथेही रक्तदाबाच्या पेशंटची नोंदवही, लेखी क्रम, दोन औषधांची एक गोळी आणि औषध बदलल्यावर काही आठवड्यांनी सहायकाकडून होणारी मोफत बीपी मोजणी एवढीच साधने होती. संस्था प्रचंड आहे, पण तिथली ही साधने आपल्या एका खोलीच्या दवाखान्यातही मावतात.

आला नाही त्याला फोन

रोज दुपारी दवाखाना बंद करण्याआधी दहा मिनिटे या कामाला द्या. पुढच्या तारखेच्या रकान्यावरून बोट फिरवायचे आणि तारीख उलटून आठवडा झालेल्यांना फोन करायचा. तो डॉक्टरांनीच करायला हवा असे नाही. सिस्टरचा आवाज पेशंटच्या ओळखीचा असतो. बोलणे असे असावे: ‘नमस्कार काकू, डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतेय. या महिन्यात बीपी मोजायचं राहिलंय. गोळ्या आहेत ना शिल्लक? उद्या संध्याकाळी सहाला याल का?’ बोलण्यात रागावणे नको, भीती घालणे नको, दिवस आणि वेळ मात्र नक्की हवी. दोन फोन होऊनही आले नाहीत तर तिसरा डॉक्टरांनी स्वतः करावा. डॉक्टरांनी आपणहून चौकशी केली ही गोष्ट घरात बोलली जाते, आणि पुष्कळदा त्या फोननंतर शेजारचाही बीपी मोजायला येतो.

फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आजाराचे नाव काढू नका, ‘दवाखान्यातून फोन होता’ एवढाच निरोप ठेवा. व्हॉट्सअॅपवर सगळ्या मधुमेहींचा एक गट करण्याचा मोह टाळा, कारण तिथे प्रत्येकाचा आजार आणि नंबर बाकीच्यांना कळतो. आठवणीचे निरोप पाठवायला चालेल का, हे पहिल्याच भेटीत विचारून केस पेपरवर सही घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामागे हीच अपेक्षा आहे.

येण्याची दगदग वाचवता येत असेल तर वाचवा. २५ मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत तुमच्याकडे प्रत्यक्ष येऊन गेलेल्या पेशंटला दूरध्वनीवरून पाठपुराव्याचा सल्ला देता येतो आणि चालू औषध पुढे नेता येते. घरचे बीपीचे आकडे नीट असलेल्या नोकरदार माणसाला दर महिन्याला रांगेत बसवून काय साधते? चिठ्ठीची नोंद मात्र केस पेपरवर झालीच पाहिजे.

वर्षातून एकदा पूर्ण तपासणी

दर महिन्याच्या धावत्या भेटीत पाय, डोळे आणि लघवी या तीन गोष्टी हमखास राहतात. म्हणून प्रत्येक मधुमेहीला वर्षातला एक महिना नेमून द्या. वाढदिवसाचा महिना लक्षात राहायला सोपा. त्या महिन्यात एवढे व्हायलाच हवे:

• पाय: चपला-मोजे बाहेरच काढून ठेवायला सांगा, म्हणजे आत वेळ जात नाही. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, कुरूप पाहा. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने संवेदना तपासा आणि पायाची नाडी लागते का ते बघा. संवेदना गेलेल्या माणसाला अनवाणी देवदर्शन किती महागात पडू शकते, हे स्पष्ट शब्दांत सांगा.
• डोळे: बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी. ‘मला तर स्वच्छ दिसतं’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण पडदा खराब होऊ लागतो तेव्हा नजर शाबूत असते.
• मूत्रपिंड: नुसते क्रिएटिनिन उशिरा वाढते. त्यावरून ईजीएफआर काढा आणि लघवीतले अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण पाहा. ते ३० च्या वर आले तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करा. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला की मेटफॉर्मिनची मात्रा कमी करायची, ३० च्या खाली गेला की बंद.
• रक्त: लिपिड प्रोफाइल. चाळिशीनंतरच्या मधुमेहीला स्टॅटिन दिले आहे का, हेही याच वेळी पाहा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल आणि हातपाय बधिर होत असतील तर बी-१२ तपासा.

एचबीएवनसी ताब्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, असेल तर सहा महिन्यांनी करावी. बहुतेकांसाठी मर्यादा ७ ची. एकट्या राहणाऱ्या, थकलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी ८ पर्यंत चालते. आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरता घरोघरी आहे आणि ती असताना एचबीएवनसी खोटी जास्त येऊ शकते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियात ती फसवी येते, हे विदर्भातल्या आणि आदिवासी भागातल्या डॉक्टरांनी विशेष ध्यानात ठेवावे. रिपोर्ट आणि ग्लुकोमीटरचे आकडे जुळत नसतील तर आधी हिमोग्लोबिन बघा.

मधुमेहीला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर खोकल्याचे औषध बदलत न बसता थुंकी तपासायला पाठवा. मधुमेहात क्षयाचा धोका वाढतो. क्षय निघाला तर त्याची सरकारी नोंद करणे २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे.

गोळी का सुटते?

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हे एकच उत्तर असते. त्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहिली?’ असे विचारा. राहणे स्वाभाविक आहे असे सुचवले की माणूस खरे सांगतो. रिकामी पाकिटे घेऊन यायला सांगा. कारण कळले की उपाय सापडतो.

‘बीपी नॉर्मल आलं म्हणून थांबवली’ हे सर्वांत सर्रास आढळणारे कारण. पहिली चिठ्ठी देतानाच सांगावे की पुढच्या वेळी नॉर्मल येईल आणि ते गोळीमुळेच येईल. ‘गोळ्यांनी किडनी जाते’ असे शेजारी सांगतो. त्यावर क्रिएटिनिनचा रिपोर्ट दाखवून, किडनी बिघडते ती ताब्यात नसलेल्या बीपी-शुगरने, हे पटवता येते. पैशाचे कारण माणूस बोलून दाखवत नाही, म्हणून आपणच विचारायचे. मेटफॉर्मिन, अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, स्टॅटिन ही सगळी औषधे जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपल्यापासून त्यांचेही स्वस्त पर्याय आले आहेत. दोन गोळ्यांची एक गोळी, दिवसातून एकदा आणि एकदम दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी, एवढ्याने स्थिर पेशंटचे निम्मे अडथळे दूर होतात.

काही अडथळे पंचांगाचे आणि पोटापाण्याचे असतात. आषाढी वारीला निघालेला मधुमेही तीन आठवडे पायी चालणार, जेवणाची वेळ बदलणार. त्याला जाण्याआधी बोलावून पाय आणि पादत्राणे तपासा, महिन्याच्या गोळ्या द्या, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनची मात्रा चालण्याच्या हिशेबाने कमी करावी लागेल का ते ठरवा आणि खिशात साखर ठेवायला सांगा. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणारे जोडपे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. त्यांच्या हाती आजार, औषधे, मात्रा आणि शेवटचे आकडे लिहिलेले एक कार्ड द्या. कारखान्याजवळच्या डॉक्टरला त्यावरून पुढे चालवता येईल. नवरात्रात आणि रमजानमध्ये कोण उपास करणार हे आठवडाभर आधीच विचारा. ‘उपास करू नका’ म्हटले तर तो न सांगता केला जातो. कोणती गोळी कमी करायची, शुगर ७० च्या खाली गेली तर उपास मोडून तीन चमचे साखर घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, हे लिहून दिलेले बरे. उलट्या-जुलाब झाले की मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन थांबवून फोन करायचा, हेही त्याच कागदावर असू द्या.

ताट, मीठ आणि मिसरी

छापील डाएट चार्ट ड्रॉवरमध्ये पडून राहतो. त्यापेक्षा एका भेटीत एकच गोष्ट बदला. मिठाबद्दल विचारायचे ते असे: ‘घरात माणसे किती, आणि महिन्याला मीठ किती आणता?’ जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम, आणि त्यातच पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही आले. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

‘पोळी सोडली, भाकरीच खातो’ म्हणणाऱ्याला विचारा, किती? भाकरीनेही शुगर वाढते. फरक पडतो तो संख्येने आणि सोबतच्या भाजी-डाळीने. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, हे उपासाला खिचडी खाणाऱ्यांना माहीत नसते.

तंबाखूचा प्रश्न बायकांना विचारलाच जात नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी मावशी ‘मिसरी लावता का?’ या प्रश्नाला मान हलवते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी विचारणे सोडू नका. आणखी एक चौकशी: गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या. वेदनाशामक बीपी वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. औषध वाढवूनही बीपी का उतरत नाही, याचे उत्तर अनेकदा या पुडीत सापडते.

स्पेशालिस्टकडे पाठवताना

चार ओळींची चिठ्ठी द्या: काय आजार, काय औषध चालू, कोणता प्रश्न आणि परत काय कळवावे. परत आलेल्या पेशंटचा डिस्चार्ज कागद वाचून जुन्या आणि नव्या औषधांची एकच यादी करा. टेल्माच्या नावाची एक आणि दुसऱ्या नावाची तीच, अशा दोन गोळ्या एकदम चालू असणे नवे नाही. हृदयाचा एक, किडनीचा एक आणि साखरेचा एक डॉक्टर असलेल्या माणसाला सगळे एकत्र पाहणारा कोणीतरी हवा असतो, आणि ती जागा फॅमिली डॉक्टरचीच आहे. २००२ च्या वैद्यक आचारनियमांनुसार नोंदी किमान तीन वर्षे जपायच्या आहेत. या आजारांत त्या माणूस तुमच्याकडे आहे तोवर जपाव्यात.

वेळ आणि पैसा

यादीत दोनशे पेशंट धरा. प्रत्येक जण तीन महिन्यांतून एकदा आला तर आठवड्याला पंधरा-सोळा जण होतात. प्रत्येकी दहा मिनिटे म्हणजे अडीच-तीन तास. एक दुपार, समजा बुधवारी चार ते सात, फक्त यांच्यासाठी ठेवा आणि वेळ देऊनच बोलवा. सर्दी-तापाच्या गर्दीत हे काम होत नाही, आणि त्या गर्दीत बसवलेला म्हातारा माणूस एखादा नवा संसर्ग घरी घेऊन जातो.

डॉक्टरांना भेटल्याची फी आणि नुसते बीपी मोजून घेण्याची सोय वेगळी करा. मोजणी मोफत ठेवली तर लोक येतात, आणि आकडा चढा निघाला तर तपासणीही होते. वार्षिक तपासणीची रक्कम ठरवायची असेल तर त्यात काय काय येते हे भिंतीवर लिहा. लॅबकडून कमिशन न घेता ती सूट पेशंटला मिळवून द्या. नेमाने येणारी दोनशे कुटुंबे हा प्रॅक्टिसचा पाया आहे आणि साथीच्या महिन्यांवर तो अवलंबून नसतो.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात वही, चिकटपट्ट्या, दोन आकारांचे पट्टे, बाहेर पाठ टेकायची खुर्ची आणि सिस्टरला मोजणीचे शिक्षण. दुसऱ्या महिन्यात काचेखालचा लेखी क्रम, बुधवारची दुपार आणि रोजचे फोन. तिसऱ्या महिन्यात ज्यांचा वाढदिवस त्या महिन्यात आहे अशांच्या पायांची, लघवीची आणि डोळ्यांची तपासणी. त्यानंतर पहिल्या रविवारी वही घेऊन बसा आणि तीन आकडे काढा. ते कमी येतील, दहापैकी तीन-चारच ताब्यात दिसतील. सुरुवात अशीच होते. ते केबिनमध्ये स्वतःला दिसतील अशा जागी, तारखेसह लिहा आणि बाकीच्या सहा-सात जणांची नावे सिस्टरच्या हातात द्या. सोमवारपासून फोन त्यांना जाऊ द्या.